चवथीआधी सिगरेट सोडायची आहे. कोणाची मदत घ्यावी, कशी मागावी?

अंत्रुजकार
नमस्कार मंडळी. घर फोंड्याजवळ, नोकरी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत, शिफ्टची. कॉलेजपासून सिगरेट ओढतो, सध्या दिवसाला पाकीटभर. आता सोडायची. सोडू की नको हा प्रश्न घेऊन आलेलो नाही, ते ठरलं आहे. प्रश्न तयारीचा आहे.

माझ्या अडचणीच्या जागा मला ठाऊक आहेत. सकाळी सोप्यावर बसून पहिली, ती दात घासायच्याही आधी. मग कंपनीच्या गेटबाहेरच्या गाड्यावर चहाबरोबर. आणि वर्षातली सगळ्यात कठीण जागा म्हणजे चवथ. गावच्या मोठ्या घरी सगळे चुलतभाऊ जमतात, रात्री पत्त्यांचा डाव बसतो, मागच्या अंगणात पाकिटं फिरतात. ती संपते न संपते तोच जत्रेच्या नाटकाच्या तालमी.

एकट्याने जमणार नाही असं वाटतं, पण मदत मागायला गेलं की उपदेश मिळतो. बायको काळजीपोटी रोज संध्याकाळी विचारते, "आज किती झाल्या?" त्या प्रश्नाने डोकं असं तापतं की मी उठून बाहेर जातो आणि एक पेटवतो. तिचा दोष नाही. काय करायचं ते तिला कोणी सांगितलेलं नाही, आणि मलाही सांगता येत नाही. तर कधी सोडावी, कोणाला सांगावं, आणि त्यांच्याकडून नेमकं काय मागावं? ज्यांनी सोडली आहे किंवा ज्यांच्या घरात कोणी सोडली आहे त्यांनी लिहा.

सांज_पणजी
आधी अभिनंदन. माझ्या मते श्रावणाचा पहिला दिवस धरा. घरात मासळी नाही, बाटली नाही, सगळं वातावरणच संयमाचं. श्रावण संपून चवथ येईपर्यंत महिना उलटून गेलेला असेल. वेगळं काही जाहीर करावं लागत नाही, "श्रावण पाळतोय" म्हटलं की कोणी आग्रहही करत नाही.

पोदेर
सांज_पणजी, पटलं नाही. आमचा अर्धा वाडा श्रावणात दारू सोडतो आणि गणपती पोचवून आल्यावर सगळं भरून काढतो. व्रत आपण संपण्यासाठीच धरतो. महिनाभर बांगड्याची वाट बघायची आणि मग ताटात बांगडा, हे ठीक आहे, कारण बांगडा परत यायलाच हवा. सिगरेट परत यायला नको आहे. अंत्रुजकारबाब, श्रावणाच्या आधीच सोडा. म्हणजे श्रावण संपला म्हणून काही संपलं असं मनाला वाटणार नाही.

सांज_पणजी
हं. हे मात्र विचार करण्यासारखं आहे.

एकटा_जीव
मी वेगळं सांगतो. मी कोणालाही सांगितलं नव्हतं. मडगावात भाड्याच्या खोलीत राहत होतो. एका रविवारी पाकीट, लायटर, ॲश ट्रे सगळं कचऱ्यात टाकलं आणि परत हात लावला नाही. चार लोकांना सांगितलं की चार लोक पाळत ठेवतात. मग तुम्ही सिगरेटशी कमी आणि त्या चौघांशीच जास्त झगडता. मनात ठरलं असेल तर आजच टाका. तारखा, तयारी, धागे हे सगळं लांबणीवर टाकण्याचे प्रकार आहेत.

माशेलची_मावशी
एकटा_जीव, तुम्हाला जमलं याचा आनंद आहे, पण तुम्ही एकटे राहत होता. घर भरलेलं असलं की न सांगता सोडता येत नाही. माणूस चिडचिडा होतो, झोपत नाही, आणि घरच्यांना कारणच कळत नाही.

आमच्या ह्यांनी सोडली त्याची गोष्ट लिहिते, अंत्रुजकारांच्या बायकोला उपयोगी पडेल. आधी मीही रोज विचारायची. शर्टाचा वास घ्यायची. त्याने एवढंच झालं की हे घरी येण्याआधी बडीशेप खायला लागले. मग एकदा शांतपणे बसून मी विचारलं, "मी काय केलेलं तुम्हाला चालेल?" त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. किती ओढल्या ते विचारायचं नाही. पहिल्या आठवड्यात ते ओरडले तर उत्तर द्यायचं नाही, नंतर हवं तर भांड. आणि ते "चल" म्हणाले की हातातलं टाकून त्यांच्याबरोबर निघायचं.

ही तिसरी अट मला विचित्र वाटली होती. पण उपयोग तिचाच झाला. जेवण झालं की त्यांना तलफ यायची, आणि ते नुसतं "चल" म्हणायचे. मग आम्ही देवकीकृष्णाच्या देवळापर्यंत चालत जायचो आणि परत. पाऊस असला तर छत्र्या घेऊन. वाटेत सिगरेटचा विषय नाही. कधी शेजाऱ्यांच्या भानगडी, कधी काहीच नाही. घरी परत येईपर्यंत तलफ गेलेली असायची. एकदा भात चुलीवर होता, तो करपला. करपू दे म्हटलं.

चवथीला मात्र मामेसासऱ्यांनी हातात दिली आणि ह्यांनी घेतली. नंतर दोन दिवस माझ्याशी नीट बोलेनात. मला वाटलं गणपतीत काही बिनसलं असेल. कळलं तेव्हा मी एवढंच म्हटलं, एक झाली ना, मग ती एकच राहू दे. त्या वेळी मी रडले असते, टोमणा मारला असता, तर "नाहीतरी मोडलंच आहे" म्हणून त्यांनी दुसरी पेटवली असती, हे ते स्वतःच पुढे म्हणाले. म्हणून बायकोशी आधीच बोलून ठेवा, की घसरलो तर तुला येऊन सांगेन आणि तू काय म्हणशील. ती वेळ आल्यावर शब्द सुचत नाहीत.

कुठ्ठाळीकर
मावशी, करपलेल्या भाताला सलाम.

औषधदुकान_म्हापसा
माझं औषधांचं दुकान आहे, म्हणून सिगरेट सोडताना चघळायच्या निकोटिन गमबद्दल थोडं. लोक घेतात, दोन दिवस वापरतात आणि "काही उपयोग नाही, उलट मळमळतं" म्हणून सोडून देतात. जवळजवळ प्रत्येक वेळी कारण एकच असतं, ते साधं च्युइंगम चघळतात तसं चघळतात. तसं करायचं नसतं. हळूहळू चावायचं, तोंडात चुणचुण आली की थांबायचं आणि गाल व हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायचं. चुणचुण गेली की परत थोडं चावायचं. अर्धा तास असंच. निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जायला हवं. भराभर चावून लाळ गिळली तर ते पोटात जातं, मग उचकी आणि जळजळ.

दुसरी गोष्ट आपल्याकडे कोणी सांगत नाही. गम तोंडात असताना आणि त्याआधी पंधरा मिनिटं आंबट काही घ्यायचं नाही. सोलकढी, कोकम सरबत, लिंबू सोडा, शिवाय कॉफी आणि थंड पेयं. तोंड आंबट झालं की निकोटिन नीट शोषलं जात नाही.

अंत्रुजकार, उठल्याउठल्या पहिली लागते हे तुम्ही लिहिलंत ते महत्त्वाचं आहे. दिवसाची पहिली सिगरेट जितकी लवकर, तितकं शरीर निकोटिनवर जास्त अवलंबून, असा सर्वसाधारण हिशेब असतो. तुमच्यासारख्यांना निव्वळ निश्चयावर सोडणं जास्त जड जातं. किती ताकदीचं गम, की कातडीवर चिकटवायचा पॅच, की गोळ्या, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतात, आणि ती सोडायच्या दिवसाच्या साधारण आठवडाभर आधी सुरू करावी लागतात. एकटा_जीव यांना तारीख म्हणजे लांबण वाटते, पण औषध घ्यायचं असेल तर तारीख लागतेच.

पोदेर
सोलकढीनंतर पंधरा मिनिटं थांबायचं! मग आमच्याकडे गम फक्त झोपेत घ्यावं लागेल.

औषधदुकान_म्हापसा
झोपेत अजिबात नको. जेवणानंतर तोंड धुवा आणि थोड्या वेळाने घ्या, झालं.

तरीवरचा
थोडं अवांतर. चोडणच्या फेरीबोटीवर आमच्या लहानपणी लोक बिनधास्त ओढायचे. आता कोणी पेटवलीच तर बाकीचे बघायला लागतात आणि तो विझवतो. गोव्याचा धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्धचा स्वतःचा कायदा १९९७चा, म्हणजे केंद्राच्या २००३च्या कायद्याच्याही आधीचा. २०१६-१७च्या देशव्यापी पाहणीत तंबाखू वापरणाऱ्यांचं प्रमाण सगळ्यात कमी गोव्यात निघालं होतं, ९.७ टक्के. देशाचं प्रमाण २८.६ टक्के. बाहेरच्यांना हे खरं वाटत नाही, त्यांना गोवा म्हणजे फक्त किनाऱ्यावरचे शॅक.

कृष्णाकाठ
मी सांगलीकडचा, मला खरंच आश्चर्य वाटलं. आमच्याकडे मिश्री, तंबाखू, मावा घरोघरी.

रात्रपाळी
तरीवरचा यांचा आकडा अवांतर नाही, अंत्रुजकारांच्या कामाचा आहे. मी परिचारिका आहे. सोडायला आलेल्या माणसाला वाटत असतं की आजूबाजूचे सगळेच ओढतात. कारण तो ज्या कोपऱ्यात उभा असतो तिथे सगळे ओढतच असतात. पण कंपनीच्या कँटीनमध्ये बसलेले बहुतेक जण न ओढणारे आहेत. ते रोज चहा पितात आणि गेटबाहेर जात नाहीत. त्यांच्यातल्या एकाला गाठा आणि म्हणा, "महिनाभर चहाला मी तुझ्याबरोबर." मोठं वचन नाही, भाषण नाही.

आता दिवसांचं गणित. चिडचिड, बेचैनी, झोप उडणं, भूक वाढणं हे पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतं. मग उतरत जातं आणि बहुतेकांचं दोन ते चार आठवड्यांत निवळतं. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. पाणी प्या, दीर्घ श्वास घ्या, जागा बदला, ती ओसरते. मावशींचं देवळापर्यंत चालणं म्हणजे नेमकं हेच. म्हणून चवथीला तुमचे ते चार आठवडे पूर्ण झालेले हवेत. पोदेर म्हणतात तसं श्रावणाच्या आधी, आषाढातच धरा. शिफ्ट असेल तर साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवसापासून सुरू करा, म्हणजे सगळ्यात वाईट दिवस मशीनवर जाणार नाहीत.

चहा-कॉफी कमी करा, विशेषतः कॉफी. सिगरेटच्या धुरामुळे शरीर कॅफीन लवकर बाहेर टाकतं. सिगरेट बंद झाली की तेवढ्याच कॉफीतलं कॅफीन रक्तात जास्त वेळ राहतं. हात थरथरणं, छातीत धडधड, झोप न येणं हे लोक सिगरेट सोडल्याच्या माथी मारतात. पुष्कळदा ती कॉफी असते.

आणि सरकारी हेल्पलाइन वापरा, १८००-११-२३५६. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. समुपदेशक तुमच्याबरोबर तारीख ठरवतात आणि त्या तारखेनंतर आपणहून परत फोन करतात. हा नंबर २०१८पासून प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. पण जो गाड्यावर सुटी सिगरेट घेतो त्याला पाकीटच दिसत नाही, मग नंबर कुठून दिसणार?

एकटा_जीव
औषधांचा मुद्दा मान्य, मला त्याची माहिती नव्हती. पण मूळ मत तेच. मला वचनाचं ओझं नको होतं. आपण दिलेला शब्द मोडू या भीतीनेच कित्येक जण सुरुवात करत नाहीत.

रात्रपाळी
एकटा_जीव, हे खरं आहे आणि तसे लोक मी पाहिले आहेत. म्हणूनच पूर्ण वाड्याला सांगू नये असं मीही म्हणते. दोन-तीन माणसं पुरे. आणि त्यांना "मी सोडणार" हे वचन द्यायचंच नाही. "तू हे एवढं कर" इतकंच मागायचं. मग ओझं दोघांत वाटलं जातं.

दिवचलकार
व्हेपचं काय? माझा भाचा म्हणतो त्याने सुटते.

औषधदुकान_म्हापसा
भारतात २०१९पासून ई-सिगरेटची विक्री, आयात, साठवण सगळ्यालाच बंदी आहे. चोरून मिळतं त्यात निकोटिन किती आणि बाकी काय, हे कोणालाच सांगता येणार नाही. भाच्याला गमचं सांगा.

घुमटवाला
चवथीबद्दल मी लिहितो, कारण आमच्या घरीही तेच अंगण आणि तेच भाऊ. माझा मोठा भाऊ सोडत होता त्या वर्षी आम्ही त्याच्या गळ्यात घुमट, म्हणजे आरतीला वाजवायचं मातीच्या मडक्याचं वाद्य, अडकवलं. आरतीला दोन्ही हात गुंतलेले. एक तळवा चामड्यावर, दुसरा मडक्याच्या तोंडावर उघडमीट करत. आणि आमची आरती लवकर संपत नाही, एका घरातून दुसऱ्या घरात जाते. शेवटी हात लालबुंद होऊन तो जो झोपला तो सकाळीच उठला. पत्त्यांना बसलाच नाही.

पण त्याआधी एक काम केलं होतं. चुलतभावांपैकी जो सगळ्यांना पाकीट पुढे करतो, त्यालाच त्याने महिनाभर आधी फोन केला. सांगितलं, "मला देऊ नको, आणि दुसरा कोणी द्यायला लागला तर तू अडव." तो भाऊ अजून स्वतः ओढतो. पण त्या वर्षी कोणी पाकीट पुढे केलं की मध्ये हात घालायचा. स्वतः ओढणाऱ्यालाही काम दिलं की तो ते मनापासून करतो, हा माझा अनुभव.

कृष्णाकाठ
घुमट घोरपडीच्या कातड्याचं असतं ना?

घुमटवाला
पूर्वी असायचं. घोरपड संरक्षित प्राणी आहे, आता बकऱ्याचं कातडं लावतात. आवाजावरून जुनी मंडळी अजून वाद घालतात. २०१९ मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला. वेगळा धागा काढा, खूप लिहिता येईल.

सांज_पणजी
वजनाचा विषय कोणी काढला नाही. सोडल्यावर भूक वाढते आणि समोर नेवऱ्या आणि पातोळ्या!

माशेलची_मावशी
खाऊ देत. चार किलो वाढले तर चालून उतरतील. आमच्याकडे मी त्या दिवसांत काकडी, गाजर, भाजलेले चणे डब्यात घालून ठेवायची, तोंडाला चाळा हवा म्हणून. पण पातोळी नको म्हटलं नाही. एका वेळी एकच गोष्ट सोडवावी माणसाकडून.

अंत्रुजकार
सगळे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. बायकोला मावशींचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मग सांग, मी काय करू?" इतक्या वर्षांत आमचं या विषयावर पहिल्यांदा भांडणाविना बोलणं झालं. ठरलं ते असं.

तारीख आषाढी एकादशीनंतरची पहिली सुट्टी. चवथीपर्यंत सहा-सात आठवडे मिळतात. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. हेल्पलाइनला फोन केला, पलीकडच्या बाईंनी आधी दहा मिनिटं फक्त ऐकून घेतलं. सकाळी सोप्यावर बसायचं नाही, उठून थेट आंघोळ. बायको त्या वेळी माझ्याशी सिगरेट सोडून कशाबद्दलही बोलेल. किती झाल्या हा प्रश्न बंद.

कामावर कँटीनमधला एक सहकारी आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, "एवढंच ना? ये की."

गाड्यावरच्या मामांशी बोलणं मला सगळ्यात अवघड वाटत होतं, कारण त्यांचा तो धंदा. त्यांच्याकडे माझी उधारी वहीत असते. सगळे पैसे चुकते केले आणि म्हटलं, मामा, पुढच्या महिन्यापासून मी मागितली तरी देऊ नका. त्यांनी वही उघडली, माझ्या नावाखाली आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "चहा तरी पिशील ना?" म्हटलं, चहाही काही दिवस आत कँटीनमध्ये. ते म्हणाले, "बरें. मिरची भजी पाठवून देईन आत."

चुलतभावाला फोन या रविवारी करतो. घुमटाचा सरावही सुरू करायला हवा, मला फक्त झांज येते.

एक अडचण राहिली, तीवर सुचवा. जत्रेच्या नाटकात यंदा माझ्याकडे खलनायकाची भूमिका आहे आणि दुसऱ्या अंकात तो रंगमंचावर सिगरेट पेटवून संवाद म्हणतो. भूमिका सोडायची नाही. कोणी म्हणालं तंबाखू नसलेली औषधी सिगरेट मिळते, ती चालेल का?

रात्रपाळी
नको. तंबाखू नसला तरी काहीही जाळून ओढलं की डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड फुप्फुसात जातंच. शिवाय बोटांत धरणं, ओठाला लावणं, धूर सोडणं ही सवय तालमीगणिक ताजी होत राहील.

रंगपट_साखळी
गावच्या नाटकांचं दिग्दर्शन बरीच वर्षं करतो म्हणून सांगतो. खलनायकाला सिगरेट देणं हा दिग्दर्शकाचा आळस. त्याच्या हातात चांदीच्या मुठीची काठी द्या. संवादाच्या आधी पेटवायला जो थांबा घेतला जातो, तेवढ्याच वेळात त्याने काठी टेकवत नायकाभोवती अर्धी फेरी घालावी. शेवटच्या रांगेलाही ती टकटक ऐकू येते, धूर दिसत नाही. तुमच्या दिग्दर्शकाला पटलं नाही तर माझं नाव सांगा, बहुतेक ओळखीचेच निघतील. काठी आमच्या रंगपटात आहे, जत्रेपुरती घेऊन जा. आणि तालमीला मधली सुट्टी झाली की मंडपामागे जाऊ नका, प्रॉम्प्टरजवळ बसून पुढचा प्रवेश पाठ करा. प्रॉम्प्टरला एवढं आधी सांगून ठेवा.

अंत्रुजकार
काठी चालेल! उद्याच दिग्दर्शकाशी बोलतो. साखळीला कधी येऊ ते व्यक्तिगत निरोपात कळवतो.

दिवचलकार
भाच्याला हा धागा पाठवला. तो विचारतोय, गम किती दिवस घ्यायचं असतं?

औषधदुकान_म्हापसा
साधारण तीन महिने, हळूहळू कमी करत. एकदम बंद करायचं नाही. त्याला दुकानात पाठवा, कसं चावायचं ते समोर दाखवतो.